‘गिव्ह अप’ : एका क्रियापदाची बखर

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती आणि माझ्या वर्गांतील एक बरा विद्यार्थी आठ दिवस दिसला नव्हता. एके दिवशीं तो व्हरांड्यांत समोर आला तेव्हां मीं विचारलें, “काय रे, अर्ज भरलास कीं नाहीं?” त्यानें खालीं पाहिलें आणि तो म्हणाला, “नाहीं सर. मी गिव्ह अप केलंय.”

मराठी वाक्यांत असें इंग्रजी क्रियापद घुसडलेलें ऐकलें म्हणजे माझ्या पिढीच्या अध्यापकाच्या कपाळाला आठी पडते. तशी ती पडली. ‘हेंच मराठींत सांग’ असें मी म्हणणार होतों. पण ते शब्द ओठांवर येण्यापूर्वीं मीं स्वतःच तें वाक्य मनांत मराठींत करून पाहिलें आणि थबकलों. ‘नाद सोडला’ म्हणावें, तर परीक्षा हा कांहीं नाद नव्हे. ‘हार खाल्ली’ म्हणावें, तर त्याला हरविणारा कोणी समोर नव्हता. ‘हात टेकले’ हें आपण बहुधा दुसऱ्याच्या वागणुकीपुढें म्हणतों. ‘माघार घेतली’ म्हणण्यास आधीं लढाईवर जावें लागतें. ‘प्रयत्न सोडला’ हें त्यांतल्या त्यांत जवळचें. पण त्यांत त्या मुलाच्या आवाजांतला थकवा येत नाहीं. आमच्या प्रत्येक शब्दप्रयोगाला एक प्रश्न चिकटलेला आहे : काय सोडलेंस? कोणापुढें हरलास? त्या क्षणीं त्या मुलाला यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें नव्हतें, आणि इंग्रजी ‘गिव्ह अप’ त्याला कांहींच विचारीत नव्हतें.

म्हणून मीं त्याला एवढेंच विचारलें, “गिव्ह अप केलंस खरं, पण कोणाला?” तो गोंधळून हंसला आणि निघून गेला. प्रश्न खोडकर होता. पण अगदींच निरर्थक नव्हता. ‘गिव्ह’ म्हणजे देणें, आणि देणें म्हटलें कीं घेणारा आलाच. आज ‘गिव्ह अप’ म्हणतांना हा घेणारा कोठेंच दिसत नाहीं. पण हें क्रियापद इंग्रजी लेखनांत प्रथम अवतरलें तेव्हां तो अगदीं समोर उभा होता. त्याच्या हातीं तुरुंग होता, आणि एका प्रसंगीं तर फांसाची दोरीही होती. तो घेणारा म्हणजे इंग्लंडचा राजा.

या क्रियापदाचे सर्वांत जुने म्हणून जे दाखले दिले जातात ते पीटरबरोच्या बखरींतले आहेत. आल्फ्रेड राजाच्या काळीं, म्हणजे नवव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजी भाषेंत वर्षवार हकीकत लिहून ठेवण्याची पद्धत पडली आणि निरनिराळ्या मठांत तिच्या प्रती चालूं राहिल्या. १०६६ सालीं नॉर्मन आले, दरबारची भाषा फ्रेंच आणि विद्वानांची लॅटिन झाली, व एकामागून एक मठांतील इंग्रजी बखरी बंद पडल्या. पीटरबरोची मात्र चालूं राहिली. १११६ सालीं त्या मठाला आग लागली. त्यानंतर भिक्षूंनीं दुसरीकडून जुनी बखर आणवून ११२१ च्या सुमारास तिची नवी प्रत केली, आणि तिच्यापुढें ११३१ पर्यंतची हकीकत त्याच हातानें भर घालीत लिहिली गेली. मग तेवीस वर्षें कोणीं लेखणी उचलली नाहीं. ११५४ सालीं स्टीफन राजा मेला, तेव्हां कोणी दुसरा भिक्षु बसला आणि त्यानें मधल्या साऱ्या वर्षांची हकीकत आठवून आठवून एकदम लिहून काढली. हें हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे.

या दुसऱ्या लेखकाच्या नांवाचा पत्ता नाहीं. परंतु भाषेच्या इतिहासांत त्याचें स्थान मोठें आहे. त्याला जुन्या इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय नीट ठाऊक नव्हते, किंवा असले तरी त्यांची चाड नव्हती. तो आपल्या गांवचे लोक बोलत तसें लिहीत गेला. शिष्ट भाषेचा धाक सुटला कीं बोलीला कागदावर जागा मिळते, ती अशी. आपल्याकडे महानुभावांच्या गद्यामुळें आपल्याला तेराव्या शतकांतील मराठी बोलण्याचा कानोसा घेतां येतो, तशांतलाच हा प्रकार. ‘गिव्ह अप’ हा प्रयोग लोकांच्या तोंडीं त्यापूर्वींही असेल. पण त्याला कागद मिळाला तो या भिक्षूच्या हातून, आणि तोही दोनदां.

पहिला प्रसंग ११३२ चा. पीटरबरोच्या मठावर हेन्री नांवाचा पॉइतूचा एक मठाधिपति राजानें ११२७ सालीं आणून बसविला होता. तो राजाचा नातलग. फ्रान्समध्यें एक मठ त्याच्या ताब्यांत होताच, वर हा दुसरा. आधींच्या बखरकारानें त्याला मधाच्या पोळ्यांतील ऐतखाऊ नरमाशीची उपमा दिली आहे, आणि तो आला त्या सुमारास रात्रीं रानांत काळे घोडे, काळे शिकारी आणि मोठ्या डोळ्यांचे काळे कुत्रे धांवतांना लोकांनीं पाहिले असेंही नोंदून ठेवलें आहे. मठवासीयांचा राग किती खोल होता याचें हें माप. ११३२ सालीं या हेन्रीनें मठ क्लूनीच्या सत्तेखालीं नेण्याचा घाट घातला व राजाकडे आपल्याच भिक्षूंची चुगली केली. राजा, म्हणजे पहिला हेन्री, जवळजवळ फसलाच होता. पण सॉल्झबरीचा बिशप, लिंकनचा बिशप व दुसरे कांहीं वजनदार लोक तेथें होते. त्यांच्यामुळें राजाला खरा प्रकार कळला. मग त्यानें मठाधिपतीला बोलावून घेतलें आणि पीटरबरोचें पद ‘गिव्ह अप’ करावयास लावून देशाबाहेर घालविलें. हकीकत लिहितांना बखरकाराचा आनंद लपत नाहीं.

वाचकांनीं ते दोन बिशप ध्यानांत ठेवावे. त्यांची पुन्हां गांठ पडावयाची आहे.

सॉल्झबरीचा बिशप रॉजर हा मूळ नॉर्मंडीतील कां नगराजवळचा एक गरीब पाद्री. तो प्रार्थना फार झटपट उरकीत असे, आणि शिकारीच्या घाईंत असलेल्या राजपुत्र हेन्रीला तें गुण म्हणून आवडलें, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, पुढें हेन्री राजा झाल्यावर या रॉजरनें त्याचा सारा राज्यकारभार हांकला. इंग्लंडच्या खजिन्याचा हिशेब ज्या पद्धतीनें शतकानुशतकें चालला ती पद्धत बसविण्यांत त्याचा हात होता. राजा समुद्रापलीकडे गेला म्हणजे मागें राज्य रॉजर पाही. त्याचे दोन नातलग बिशप झाले : लिंकनला अलेक्झांडर आणि ईलीला नायजेल. इंग्रजी ‘नेव्ह्यू’ या शब्दानें ते पुतणे कीं भाचे याचा उलगडा होत नाहीं. आपल्या भाषेला या बाबतींत जास्त चौकसपणा आहे. या घराण्यानें पैसा मिळविला, आणि त्या पैशांतून किल्ले बांधले. शर्बर्न, माम्झबरी, डिव्हाइझेस हे रॉजरचे. न्यूअर्क व स्लीफर्ड हे अलेक्झांडरचे. बिशपांना किल्ले कशाला, हा प्रश्न त्या काळच्या लोकांनाही पडला होता.

११३५ च्या डिसेंबरांत हेन्री वारला. गादी मुलगी मटिल्डेला मिळावयाची होती. ती भाचा स्टीफन यानें घेतली. राज्यांत दोन पक्ष झाले, आणि ज्याच्याकडे दगडी भिंत आहे असा प्रत्येक जण संशयास्पद ठरला. ११३९ च्या जून महिन्यांत ऑक्सफर्ड येथें दरबार भरला असतां उतरण्याच्या जागेवरून बिशपांच्या माणसांची व एका सरदाराच्या माणसांची मारामारी झाली. राजाला निमित्त हवेंच होतें. दरबारची शांतता मोडल्याबद्दल बिशपांनीं भरपाई द्यावी, आणि ती म्हणजे त्यांच्या किल्ल्यांच्या किल्ल्या, असें त्यानें फर्मावलें. ते कांकूं करूं लागतांच रॉजर, अलेक्झांडर आणि राजाचा चान्सेलर रॉजर हे तिघे पकडले गेले. नायजेल निसटला आणि डिव्हाइझेसच्या किल्ल्यांत जाऊन दरवाजे लावून बसला.

हा तरुण चान्सेलर रॉजर कोण? पीटरबरोचा भिक्षु त्याला बिशपाचा ‘नेव्ह्यू’ म्हणून मोकळा होतो. तो बिशपाचा मुलगा होता. त्याची आई रॅम्झबरीची मटिल्डा. आणि डिव्हाइझेसचा मुख्य बुरूज त्या वेळीं तिच्या ताब्यांत होता. राजा कैद्यांना घेऊन किल्ल्याखालीं आला. किल्ला न दिल्यास या मुलाला फांशीं देऊं, असें त्यानें आंत कळविलें. म्हातारा बिशप अन्नावांचून राहिला. कांहीं जुने लेखक म्हणतात तें त्याचें स्वतःचें व्रत होतें, कांहीं म्हणतात राजाचा हुकूम होता. तीन दिवसांत किल्ला पडला. ज्या मटिल्डेला राज्य मिळावयाचें होतें तिला इतिहास विसरला नाहीं, राजाची राणीही मटिल्डाच होती व तिचेंही नांव ग्रंथांत पुष्कळ येतें. या तिसऱ्या मटिल्डेनें मुलाच्या जिवासाठीं दार उघडलें, एवढीच तिची इतिहासांतील नोंद.

पुढें न्यूअर्कही असाच, आपल्या धन्याची उपासमार पाहून, पडला. वृद्ध रॉजर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मरण पावला.

पीटरबरोच्या बखरकारानें ही सारी गोष्ट ११३७ या वर्षाखालीं घातली आहे. आठवणीनें लिहिणाऱ्याची ही चूक. त्या एका नोंदींतच त्यानें स्टीफनच्या सबंध कारकीर्दीचें दुःख ओतलें आहे. ऑक्सफर्डच्या प्रकरणाला त्यानें एकच वाक्य दिलें. राजानें सॉल्झबरीचा बिशप, लिंकनचा बिशप आणि चान्सेलर यांना धरलें, आणि त्यांनीं आपले किल्ले ‘याफेन अप’ करीपर्यंत तुरुंगांत ठेवलें, असा त्याचा आशय. म्हणजे सातच वर्षांपूर्वीं ज्या दोन बिशपांनीं दुसऱ्यास पद सोडावयास लावण्याच्या कामीं हातभार लावला, तेच दोघे आतां या क्रियापदाचे कर्ते झाले. बखरकाराला हा योगायोग जाणवला असेल का? त्याच्या लिहिण्यांत तशी खूण नाहीं. पण दोन्ही ठिकाणीं त्याच्या लेखणींतून एकच शब्दजोडी उतरली, आणि दोन्ही ठिकाणीं वाक्याची घडण एकच आहे : राजानें असें असें केलें, तेव्हां त्यानें दिलें. आपण होऊन कोणींच देत नाहीं. आणि त्या ‘त्यांनीं’मध्यें जिनें प्रत्यक्ष दार उघडलें तिची गणना नाहीं.

आतां त्या शब्दांकडे जरा जवळून पाहूं. ‘याफेन’ हें आजच्या ‘गेव्ह’चें जुनें रूप. शुद्ध इंग्रजी वळणाप्रमाणें या धातूचा आरंभीचा वर्ण ‘य’सारखा उच्चारला जाई, चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरसुद्धां ‘यिव्ह’ असाच लिहितो. मग आज आपण ‘गिव्ह’ असा स्पष्ट ‘ग’ कां म्हणतों? तो ‘ग’ उत्तरेकडून आला. नवव्या व दहाव्या शतकांत डेन्मार्क-नॉर्वेचे लोक इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत लुटायला आले आणि पुढें नांगर धरून तेथेंच राहिले. त्यांच्या भाषेंत हा धातु ‘ग’कारानें सुरू होई. हळू हळू तो दक्षिणेंत उतरला आणि लंडनचा ‘य’ त्यानें हुसकून लावला. पीटरबरो हें त्या डॅनिश वस्तीच्या टापूंतच आहे. बखरकाराच्या दोन दाखल्यांपैकीं एकांत ‘य’ दाखविणारें अक्षर आहे आणि दुसऱ्यांत ‘ग’ दाखवूं शकेल असें आहे. जणूं हा गृहस्थ दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभा राहून लिहीत होता.

‘अप’ या शब्दाची कुळी आपल्याला परकी नाहीं. संस्कृतांतील ‘उप’ आणि इंग्रजीतील ‘अप’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. पण किल्ला ‘वर’ देणें म्हणजे काय? एक उत्तर असें कीं देणारा खालचा आणि घेणारा वरचा. म्हणून दिलेली वस्तु वर जाते. हें उत्तर ऐकायला गोड आहे आणि राजा-सरदारांच्या प्रसंगाला शोभतेंही. परंतु माझा त्यावर फारसा विश्वास नाहीं. ‘अप’ इंग्रजींत इतर शेंकडों धातूंना लागतो : खाऊन टाकणें, पिऊन टाकणें, जाळून टाकणें या सर्वांत तो आहे, आणि तेथें वर कांहींच जात नाहीं. क्रिया पुरती झाली, मागें कांहीं उरलें नाहीं, एवढेंच तो सांगतो. आपण जें काम ‘टाकणें’ या सहायक क्रियापदाकडून करून घेतों तें इंग्रज ‘वर’ या अव्ययाकडून करून घेतो. शिवाय जुन्या नॉर्स भाषेंत ‘देणें’ व ‘वर’ यांची हीच जोडी सोडून देण्याच्या अर्थानें आढळते. जर्मन, डच, डॅनिश यांतही ती आहे. तेव्हां पीटरबरोच्या टापूंतील लोकांनीं ती डॅनिश शेजाऱ्यांकडून उचलली असणें अगदीं संभवनीय आहे. जर्मनांनीं या जोडीपासून केलेलें नाम तर मोठें मजेदार आहे. ‘आउफगाबे’ म्हणजे सोडून देणें, आणि ‘आउफगाबे’ म्हणजेच शिक्षकानें घातलेलें उदाहरण. माझ्या ओळखीच्या कित्येक विद्यार्थ्यांना या दोन अर्थांतील संबंध समजावून सांगावा लागणार नाहीं.

मराठींत मात्र किल्ला ‘वर’ न जातां ‘खाली’ होतो, असें एका विद्यार्थ्यानें मला एकदां हौसेनें दाखवून दिलें. त्याची फसगत झाली होती. ‘गड खाली केला’ यांतील ‘खाली’ अरबी आहे आणि त्याचा अर्थ रिकामा. ‘खालीं बसला’ यांतील ‘खालीं’ आपला देशी. जुन्या लेखनांत एका अनुस्वारानें हा भेद डोळ्यांना दिसे. १९६२ च्या नियमांनीं तो अनुस्वार गेला. माझ्यासारखे कांहीं हटवादी लोक अजून तो लिहितात, आणि मुद्रितें तपासणाऱ्यांच्या शिव्या खातात.

क्रियापद आणि अव्यय यांच्या या जोडगोळीला इंग्रज वैयाकरण ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हें नांव लोगन पिअरसॉल स्मिथ यानें १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत वापरलें आणि तें आपल्याला हेन्री ब्रॅडलीनें सुचविलें असें सांगितलें. ऑक्सफर्डच्या महाकोशांतील ‘जी’ अक्षराचें संपादन याच ब्रॅडलीचें. म्हणजे ‘गिव्ह’ या धातूचें सारें जंजाळ त्याच्याच हातून उलगडलें गेलें. त्याच्या फार आधीं, १७५५ सालीं, डॉक्टर जॉन्सननें आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत कबूल केलें होतें कीं, धातूपुढें एखादें अव्यय येऊन त्याचा अर्थ पालटतो, ही इंग्रजींतील गोष्ट परक्यांना सर्वांत जड जाते. त्या परक्यांत आपण आलों.

वास्तविक आपल्याला ती जड जाऊं नये. धातूला उपसर्ग लागला कीं अर्थ पार बदलतो, हें ज्याला ‘हृ’ धातूवरून आहार, विहार, संहार, प्रहार शिकविलें गेलें त्याला नवें काय? फरक जागेचा. पण तीही गोष्ट आपल्याकडे घडून गेली आहे. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत (१.४.८० ते ८२) पाणिनि सांगतो कीं उपसर्ग धातूच्या पूर्वीं यावे, वेदांत मात्र ते धातूच्या नंतरही येतात, आणि मध्यें दुसरे शब्दही येऊं शकतात. म्हणजे वैदिक भाषेंत मोकळा असलेला उपसर्ग पुढें लौकिक संस्कृतांत धातूला चिकटून बसला. इंग्रजीचा प्रवास बरोबर उलटा झाला. जुन्या इंग्रजींत ‘देणें’ या धातूच्या आधीं उपसर्ग जोडून ‘त्यागणें’, ‘परत करणें’, ‘क्षमा करणें’ असे शब्द होत. त्यांतला क्षमेचा ‘फर्गिव्ह’ तेवढा आज जिवंत आहे. बाकीचे उपसर्ग झिजले, आणि त्यांच्या जागीं ‘अप’, ‘इन’, ‘ऑफ’, ‘आउट’ असे सुटे शब्द धातूच्या मागून चालूं लागले. पीटरबरोचा भिक्षु या बदलाच्या अगदीं आरंभीं उभा आहे.

अर्थाचा पुढील प्रवास म्हणजे त्या घेणाऱ्याचें हळू हळू नाहींसें होणें. प्रथम किल्ला व पद. तेथें घेणारा राजा. १६११ च्या इंग्रजी बायबलांत ख्रिस्ताच्या मरणाचें वर्णन मार्क, लूक व योहान या तिघांच्या शुभवर्तमानांत ‘गिव्ह अप’ याच क्रियापदानें केलें आहे. देण्याची वस्तु प्राण. मूळ ग्रीकांत मात्र तिन्ही ठिकाणीं एकच शब्द नाहीं. योहान म्हणतो, त्यानें प्राण स्वाधीन केला. मार्क व लूक म्हणतात, त्यानें शेवटचा श्वास सोडला. सोंपवून देणें आणि सुटून जाणें या दोन वेगळ्या गोष्टी इंग्रज भाषांतरकारांच्या एकाच शब्दजोडींत मावल्या. मला वाटतें, या जोडीच्या इतिहासांतला हाच खरा सांधा. येथें घेणारा अजून आहे. पण तो दिसत नाहीं. श्रद्धावंताला तो आहे असें ठाऊक असतें, इतरांना ‘प्राण गेला’ एवढेंच कळतें.

एकदां घेणारा दिसेनासा झाल्यावर मग त्याची गरजही उरली नाहीं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी कादंबऱ्यांत वैद्य रोग्याला ‘गिव्ह अप’ करतात. रोगी कोणाला दिला? मृत्यूला, म्हटलें तर. पण बोलणाऱ्याच्या मनांत तसें कांहीं नसतें. त्यानें आशा सोडली एवढेंच. माणूस दारू, तंबाखू ‘गिव्ह अप’ करतो, तेव्हां ती कोणाच्या हातीं देत नाहीं. आणि शेवटीं कर्महि गळून पडतें. नुसतें ‘आय गिव्ह अप’ उरतें. काय, तें नाहीं. कोणाला, तें नाहीं. राजा गेला, किल्ला गेला. एक कर्ता आणि त्याचा थकवा एवढें शिल्लक राहिलें.

जुना अर्थ अर्थात् मेलेला नाहीं. गुन्हेगार पोलिसांच्या स्वाधीन होतो तेव्हां, किंवा कोणी गाडींत वृद्धाला आपली जागा देतो तेव्हां, हीच जोडी वापरतात आणि तेथें घेणारा असतो. पण कायदा व राजपत्रें यांची भाषा निराळी. जमीनदाराला जमीन परत करण्यास फ्रेंच वळणाचा ‘सरेंडर’ हा शब्द आला. त्याचीही व्युत्पत्ति ‘वर देणें’ अशीच लागते, हें गमतीचें. १९३६ च्या डिसेंबरांत आठव्या एडवर्डनें राज्यत्यागाच्या लेखावर सही केली तेव्हां लेखांत ‘रिनाउन्स’ हा लॅटिन कुळींतला शब्द होता. रस्त्यांतल्या माणसाच्या तोंडीं मात्र त्यानें राज्य ‘गिव्ह अप’ केलें, असेंच होतें.

आम्हां पदवीधरांचें इंग्रजी हें राजपत्राचें इंग्रजी. बर्क आणि मेकॉले यांच्या पंगतीला बसून शिकलेलें. मी विद्यार्थी असतां एका निबंधांत ‘रेलिंक्विश’ हा शब्द मोठ्या अभिमानानें घातला होता. माझ्या गुरुजींनीं त्यावर काट मारून वर तांबड्या शाईनें ‘गिव्ह अप’ लिहिलें. मला तो अपमान वाटला. इतका हलका शब्द माझ्या निबंधांत! तो शब्द साडेआठशें वर्षांचा आहे आणि माझा ‘रेलिंक्विश’ त्याच्यापुढें पोर आहे, हें कळायला मला पुष्कळ वर्षें लागलीं. आजच्या मुलांचें उलट आहे. त्यांच्या कानांवर इंग्रजी चित्रपटांतून, खेळांतून, बोलण्यांतून येतें, आणि म्हणून आमच्या शब्दांपेक्षां इंग्रजाच्या घरचे शब्द त्यांना आधीं सांपडतात. यांत त्यांचें काय चुकलें, तें मला सांगतां येत नाहीं.

राहिला मराठीचा प्रश्न. आमच्या भाषेंत घेणारा नाहींसा झालेला असा एकही शब्दप्रयोग नाहीं, अशी माझी त्या व्हरांड्यांत समजूत झाली होती. ती चुकीची निघाली. ‘पाणी सोडणें’ पाहा. दान देतांना यजमान संकल्प करून हातावरून उदक सोडतो. दानाची वस्तु आतां माझी नव्हे, हें त्या पाण्यानें ठरतें. समोर पाट असतो, पाटावर दान घेणारा असतो. आज कोणी म्हणतो, ‘त्या पैशांवर मीं पाणी सोडलें’, तेव्हां समोर कोणी बसलेला नसतो. पैसे बुडाले, एवढाच अर्थ. तुळशीपत्र ठेवण्याचीही तीच कथा. तेव्हां इंग्रजानें किल्ल्याच्या दारांत जें केलें, तेंच आम्हीं पाटापुढें बसून केलें. फरक इतकाच कीं ‘पाणी सोडणें’ला अजून वस्तु लागते. कशावर, हें सांगितल्याशिवाय मराठी माणसाला पाणी सोडतां येत नाहीं.

हें सर्व मीं त्या विद्यार्थ्याला सांगितलें नाहीं. तो आठ दिवसांनीं पुन्हां भेटला. वाचनालयाच्या दाराशीं उभा होता, हातांत छत्री. मला पाहून म्हणाला, “सर, तुम्ही विचारलं होतंत ना, कोणाला म्हणून? मी घरीं जाऊन विचार केला.”

“मग?”

“कोणालाच नाहीं. कोणी मागितलंच नव्हतं.”

अर्जाची मुदत चार दिवसांनीं वाढली होती. मीं त्याला तसें सांगितलें, आणि विलंबशुल्क किती तें कचेरींत विचारून ये म्हटलें.